विश्लेषण : तंजावर अर्ध्या दिवसात का ‘उरकू’ नये? काय पाहावे, काय खावे, कसे फिरावे?

दक्षिण भारताच्या सहलीत तंजावरच्या वाट्याला बहुतेक वेळा अर्धाच दिवस येतो. सकाळी तिरुचिरापल्लीहून निघायचे, बृहदीश्वर मंदिर पाहायचे, छायाचित्रे काढायची आणि जेवण आटोपून मदुराई किंवा पुदुच्चेरीची वाट धरायची, असा ठरलेला कार्यक्रम असतो. महाराष्ट्रातून जाणाऱ्या पर्यटकांसाठी यात मोठे नुकसान आहे. ज्या आवारात ते तासभर फिरतात, त्याच आवाराच्या भिंतीवर त्यांना स्वतः वाचता येईल असा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे आणि अनेक जण तो न पाहताच परततात. तंजावरला किमान दोन दिवस का द्यावेत आणि ते कसे घालवावेत, याचा हा आढावा.

अर्धा दिवस का पुरत नाही?

पहिले कारण वेळापत्रकाचे. तमिळनाडूतील बहुतांश मंदिरांप्रमाणे तंजावरच्या मोठ्या मंदिराचा गाभाराही दुपारी बंद असतो. साडेबाराच्या सुमारास दर्शन थांबते, ते चारच्या आसपास पुन्हा सुरू होते. अकरा-बारा वाजता पोहोचणाऱ्याला घाईचे दर्शन आणि तापलेली फरसबंदी एवढेच मिळते. आवारात अनवाणी फिरावे लागते आणि उन्हात दगडावर पाऊल ठेवणेही अवघड होते.

दुसरे कारण शहराच्या घडणीचे. तंजावरवर आधी चोळांनी, मग नायकांनी आणि शेवटी मराठ्यांनी राज्य केले. प्रत्येकाने आधीच्यांचे मोडून टाकण्याऐवजी त्यात भर घातली. त्यामुळे एकाच मंदिरात चोळांचे शिखर, नायकांचा नंदी आणि मराठ्यांचा शिलालेख दिसतो. नायकांनी सुरू केलेला राजवाडा मराठ्यांनी वाढवला, नायकांच्या ग्रंथसंग्रहाचे मराठ्यांनी मोठे ग्रंथालय केले. हे थर वेगवेगळे ओळखायला थोडा निवांतपणा लागतो.

मोठ्या मंदिरात काय पाहावे?

राजराज चोळ (पहिला) याने बांधलेले हे मंदिर १०१० मध्ये पूर्ण झाले. स्थानिक लोक त्याला ‘पेरिय कोविल’ म्हणजे मोठे मंदिर म्हणतात. १९८७ मध्ये ‘युनेस्को’ने त्याला जागतिक वारसा स्थळाचा दर्जा दिला. २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम आणि दारासुरम येथील मंदिरेही या यादीत जोडली गेली. शिखराची उंची साठ मीटरहून अधिक आहे. कावेरीच्या गाळाच्या सपाट प्रदेशात ग्रॅनाइट मिळत नाही, त्यामुळे एवढा दगड दुरून आणावा लागला होता, हे लक्षात घेतले की बांधकामाचा आवाका कळतो.

प्रवेश करताना एकामागून एक दरवाजे लागतात. रस्त्यालगतचा दरवाजा मराठा काळातील. त्यानंतरचे ‘केरळांतकन’ आणि ‘राजराजन’ हे दोन गोपुरदरवाजे चोळकालीन. केरळच्या चेर राजावरील विजयाची आठवण पहिल्याच्या नावात आहे. समोरचा अखंड दगडातील प्रचंड नंदी आणि त्याचा मंडप नायक काळातला. आवाराच्या वायव्येला असलेले सुब्रह्मण्य मंदिरही नायकांचेच. त्याचे कोरीव काम इतके बारीक आहे की मोठ्या शिखराकडे पाहून झाल्यावर तिथे वेगळा अर्धा तास द्यावा.

मंदिराच्या जोत्यावरील तमिळ शिलालेख हे राजराजाच्या कारभाराचे दप्तरच आहे. राजाने, त्याच्या बहिणीने आणि राण्यांनी मंदिराला काय दिले याची नोंद त्यात आहे. मंदिराच्या सेवेसाठी आणलेल्या ४०० नर्तकींची नावे, त्या कोणत्या गावच्या आणि त्यांना कोणत्या ओळीतले कितवे घर मिळाले, इतका तपशील हजार वर्षांपूर्वी दगडात कोरला गेला.

गाभाऱ्याभोवतीच्या अंधाऱ्या प्रदक्षिणा मार्गातील चोळकालीन भित्तिचित्रे १९३१ मध्ये उजेडात आली. नायक काळातील चित्रांच्या थराखाली ती शतकानुशतके झाकलेली होती. हा मार्ग सर्वसामान्यांसाठी खुला नसतो. मात्र, आवाराभोवतीच्या ओवऱ्यांमधील नंतरच्या काळातील चित्रे फिरता फिरता पाहता येतात.

शिखराची सावली पडत नाही, हे खरे का?

ही बहुधा तंजावरची सर्वाधिक सांगितली जाणारी गोष्ट आहे आणि ती खरी नाही. शिखराची सावली पडते. सकाळी आणि संध्याकाळी ती आवारात स्पष्ट दिसते. सूर्य डोक्यावर असताना ती मंदिराच्या रुंद पायाबाहेर फारशी येत नाही, त्यातून हा समज रूढ झाला असावा. शिखरावरचा घुमट ८० टनांच्या एकाच दगडाचा आहे, असेही सांगितले जाते. तो अनेक तुकडे जोडून केलेला आहे, असे वास्तुकलेचे अभ्यासक सांगतात. खऱ्या गोष्टी एवढ्या थक्क करणाऱ्या असताना दंतकथांची गरजही पडत नाही.

मराठी शिलालेख कुठे आहे, त्यात काय आहे?

आवाराच्या नैऋत्य भागात, गणपती मंदिराच्या बाजूच्या भिंतीवर हा लेख आहे. ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने तो ओळखला जातो. सरफोजीराजे (दुसरे) यांच्या आज्ञेने १८०३ मध्ये तो कोरला गेला. मजकूर बाबूराव चिटणीस यांनी रचला. भोसले घराण्याची कुळकथा, शहाजीराजे, छत्रपती शिवाजी महाराज, व्यंकोजीराजे आणि तंजावरच्या गादीवरील राजे असा हा लांबलचक वृत्तांत देवनागरीत आहे. मराठीतील सर्वांत मोठा शिलालेख म्हणून तो ओळखला जातो.

तो कोरला गेला तो काळही लक्षात घ्यायला हवा. १७९९ च्या करारानुसार राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला होता आणि सरफोजीराजांच्या हाती तंजावरचा किल्ला व लगतचा भाग एवढेच उरले होते. सत्ता गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांत आपल्या घराण्याचा इतिहास राज्यातील सर्वांत टिकाऊ भिंतीवर लिहून ठेवावा, असे त्यांना वाटले. भाषा दोनशे वर्षे जुनी असल्याने सगळे वाक्य लागत नाही, पण नावे आणि गावे ओळखू येतात. सकाळच्या तिरप्या उजेडात अक्षरे अधिक स्पष्ट दिसतात.

मराठे तंजावरला पोहोचले कसे?

मदुराईच्या नायकांनी तंजावर घेतल्यानंतर तिथल्या नायक वारसाला गादी परत मिळवून देण्यासाठी विजापूरच्या आदिलशहाने व्यंकोजीराजांना पाठवले. ते शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू. मोहीम फत्ते झाली आणि १६७५-७६ च्या सुमारास व्यंकोजीराजे स्वतःच गादीवर बसले. दक्षिण दिग्विजयाच्या वेळी १६७७ मध्ये शिवाजी महाराज व व्यंकोजीराजे यांची तिरुमळवाडी येथे भेट झाली. वडिलार्जित दौलतीच्या वाटणीवरून त्यांच्यात तेढ निर्माण झाली होती. पुढे तडजोड झाली, त्यात व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाईंचा वाटा मोठा मानला जातो.

हे राज्य १८५५ पर्यंत टिकले. राजा शिवाजी (दुसरे) पुत्राविना निवर्तल्यावर कंपनीने ते खालसा केले. दरम्यानच्या पावणेदोनशे वर्षांत तंजावरचे मराठा राजे कावेरीकाठच्या संस्कृतीत मुरले होते. व्यंकोजीराजांचे पुत्र शहाजीराजे यांनी तेलुगूत नाट्यरचना केल्या आणि मराठीतही. त्यांचे ‘लक्ष्मीनारायण कल्याण’ हे मराठीतील पहिल्या नाटकांमध्ये गणले जाते. सांगलीत विष्णुदास भावे यांचे ‘सीतास्वयंवर’ १८४३ मध्ये झाले, त्याच्या सव्वाशेहून अधिक वर्षे आधीची ही गोष्ट. आजच्या भरतनाट्यमच्या मांडणीचा पाया घालणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे बंधूही सरफोजीराजांच्या दरबारातले. पुढे तंजावरच्या राजकन्या चिमणाबाई सयाजीराव गायकवाडांशी विवाह होऊन बडोद्याला गेल्या, तेव्हा त्यांच्यासोबत नर्तक-वादकांचा संचही गेला.

‘आपले’ काय उरले एवढेच शोधत गेले, तर तंजावर कळत नाही. इथले मराठेपण तमिळ आणि तेलुगूत मिसळूनच टिकले.

राजवाड्यात काय चुकवू नये?

मंदिरापासून राजवाडा दोन किलोमीटरच्या आत आहे. बाहेरून तो विस्कळीत आणि काही ठिकाणी पडका वाटतो. आत मात्र तीन ठिकाणे आवर्जून पाहावीत.

पहिले, कलादालन. येथील चोळकालीन ब्राँझ मूर्ती जगभर नावाजल्या जातात. तिरुवेण्काडू येथे सापडलेली, १०११ च्या सुमाराची वृषवाहन शिवाची मूर्ती त्यातील मुकुटमणी. शिव नंदीला टेकून उभा आहे, पण नंदीची मूर्ती नाही. तरीही हाताच्या ठेवणीवरून तो तिथे असल्याचे जाणवते. पगडीसारख्या गुंडाळलेल्या जटा मागच्या बाजूनेही पाहाव्यात. याच दालनात सरफोजीराजांचा संगमरवरी पुतळा आहे.

दुसरे, मराठा दरबार महाल. रंगवलेले खांब, कमानी आणि भिंतींवरील चुनेगच्चीचे काम तिथे आहे.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे, सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळातील हा संग्रह सरफोजीराजांनी वाढवला, म्हणून आज तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. १९१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. ताडपत्रे आणि कागदावरील हजारो हस्तलिखिते येथे आहेत. सर्वाधिक संस्कृत, त्याखेरीज तमिळ, तेलुगू आणि तीन हजारांहून अधिक मराठी. मूळ संग्रह अभ्यासकांसाठी असतो. पर्यटकांना छोटे संग्रहालय पाहता येते. त्यात सचित्र पोथ्या, जुने नकाशे, माणसाचे चेहरे प्राण्यांच्या चेहऱ्यांशी ताडून पाहणारी फ्रेंच चित्रकार ल ब्रां याची चित्रे अशा अनपेक्षित गोष्टी आहेत.

सरफोजीराजांना घडवण्यात ख्रिश्चन फ्रीडरिख श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याचा वाटा होता. राजांना युरोपीय ग्रंथांची, वैद्यकाची आणि छपाईची गोडी होती. डोळ्यांच्या रुग्णांवरील उपचारांच्या त्यांच्या काळातील नोंदी या ग्रंथालयात आहेत. त्यांनी देवनागरी छापखानाही सुरू केला. इसापच्या गोष्टींचे मराठी रूपांतर ‘बालबोध मुक्तावली’ तिथेच छापले गेले. महाराष्ट्रात मराठी मुद्रण रुजण्याआधी ते तंजावरला झाले होते. शिवगंगा उद्यानाजवळील श्वार्ट्झ चर्चमध्ये इंग्रज शिल्पकार जॉन फ्लॅक्समन याने घडवलेले संगमरवरी शिल्प आहे. मृत्युशय्येवरील गुरूजवळ उभे असलेले सरफोजीराजे त्यात दिसतात.

मोडी लिपीतील दरबारी कागदपत्रे हा तंजावरचा आणखी एक ठेवा आहे. जमाखर्च, दानपत्रे, कलावंतांना दिलेली बिदागी असा रोजचा कारभार त्यात आहे. तमिळ अभ्यासकांपैकी थोड्यांनाच मोडी येते आणि मराठी मोडी वाचकांपैकी थोडेच तिथवर पोहोचतात. त्यामुळे मोडी शिकणाऱ्यांसाठी तंजावर ही सहलीपेक्षा अधिक काहीतरी ठरू शकते.

सांबार खरेच मराठी? खायचे काय?

छत्रपती संभाजी महाराज तंजावरला आले असता आमटीत आमसुलाऐवजी चिंच घातली गेली आणि त्यांच्या नावावरून ‘सांबार’ झाले, ही कथा समाजमाध्यमांवर दरवर्षी फिरते. तिला समकालीन कागदपत्रांचा आधार दाखवला जात नाही. ती गमतीची दंतकथा म्हणूनच घ्यावी.

तंजावरच्या स्वयंपाकातील मराठी खुणा मात्र कल्पित नाहीत. उडदाच्या पिठाची, दह्यातील ‘डांगर पचडी’ नावापासून चवीपर्यंत आपल्या डांगराची बहीण आहे. वांगी किंवा कारल्याच्या ‘पिटलै’चे नाव जाणकार पिठल्याशी जोडतात. मिठाईच्या दुकानात मिळणारी ‘बोळी’ म्हणजे पोळीच, आत पुरण किंवा नारळ. सरफोजीराजांच्या मुदपाकखान्यातील पाककृतींचे ‘सरभेंद्र पाकशास्त्र’ सरस्वती महालाने प्रसिद्ध केले आहे. मात्र, ‘तंजावर मराठी थाळी’ देणारी हॉटेले शोधत फिरू नये. हे पदार्थ प्रामुख्याने तिथल्या मराठी कुटुंबांच्या घरात टिकून आहेत.

पर्यटकाने दुपारी केळीच्या पानावरचे साधे शाकाहारी जेवण घ्यावे. आधी सांबार-भात, मग रसम-भात आणि शेवटी ताक-भात हा क्रम सांभाळावा. सकाळी इडली-डोशासोबत ‘कडप्पा’ मिळाला तर सोडू नये. मूगडाळ आणि बटाट्याचा हा पातळसर, खसखस-बडीशेपेच्या वासाचा रस्सा तंजावर-कुंभकोणम पट्ट्याची खासियत आहे. गोडात तिरुवैयारूचा ‘अशोका’, म्हणजे मूगडाळीचा तुपाळ हलवा. कॉफी ‘कुंभकोणम डिग्री’. निर्भेळ दुधाची प्रत मापकावर अंशांत तपासत, त्यावरून हे नाव पडल्याचे सांगतात. पितळी पेला-वाटीतून ती येते आणि वाटीत ओतून, थोडी निववून प्यायची असते.

दुसरा दिवस कुठे घालवावा?

कावेरीच्या काठाने कुंभकोणमकडे. सुरुवात बारा-तेरा किलोमीटरवरील तिरुवैयारूपासून करावी. कर्नाटक संगीतातील संतकवी त्यागराज (१७६७-१८४७) यांची समाधी इथे नदीकाठी आहे. सरफोजीराजांच्या दरबाराचे निमंत्रण त्यांनी नाकारले, अशी परंपरागत कथा आहे. आज दिसणारे स्मारक उभे राहिले ते बंगळूरु नागरत्नम्मा या गायिकेच्या पुढाकाराने. पौष वद्य पंचमीला, साधारणतः जानेवारीत, आराधना उत्सवात शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांची पंचरत्न कीर्तने गातात. पंचांग पाहून सहल आखल्यास हा अनुभव घेता येतो. त्या दिवसांत राहण्याची सोय मात्र खूप आधी करावी लागते.

पुढे स्वामीमलै. इथे मेणाचा साचा वापरून पंचधातूच्या मूर्ती ओतण्याची परंपरा टिकून आहे. मेणाच्या मूर्तीवर कावेरीच्या बारीक गाळाचा लेप देतात, तापवून मेण काढून टाकतात आणि पोकळीत धातू ओततात. साचा फोडावाच लागत असल्याने एका साच्यातून एकच मूर्ती निघते. आदल्या दिवशी कलादालनात मूर्ती पाहिल्या असतील, तर इथली भट्टी पाहताना त्यांचा अर्थ अधिक कळतो.

संध्याकाळ दारासुरमच्या ऐरावतेश्वर मंदिरासाठी राखावी. बाराव्या शतकातील राजराज (दुसरा) याचे हे मंदिर आकाराने लहान, पण कोरीव कामात अधिक नाजूक आहे. दगडी चाके आणि घोडे जोडलेला रथासारखा मंडप आणि नायन्मार संतांच्या कथांची छोटी शिल्पे मावळतीच्या उन्हात उत्तम दिसतात. तिसरा दिवस हाताशी असल्यास राजेंद्र चोळाचे गंगैकोंडचोळपुरम गाठावे.

खरेदी करताना काय पाहावे?

तंजावर चित्रे, मान हलवणाऱ्या बाहुल्या, वीणा, नक्षीची धातूची ताटे आणि पाणवनस्पतीच्या भेंडापासून केलेले ‘नेट्टी’ काम यांना भौगोलिक मानांकन आहे. चित्रांत फसगत होण्याची शक्यता सर्वाधिक. अस्सल चित्रात फळीवर कापड ताणून, खडू व डिंकाचा उठाव देऊन त्यावर सोन्याचा वर्ख लावलेला असतो. स्वस्त चित्रात सोनेरी रंगाचा कागद असतो आणि तो काही वर्षांत काळवंडतो. त्यामुळे वर्ख कशाचा, हे बिलावर लिहून घ्यावे. वीणा फणसाच्या लाकडाची असते. विकत घ्यायची नसली तरी ती घडवणाऱ्या कारागिरांकडे जाऊन, परवानगी घेऊन, काम पाहता येते.

कधी जावे, कसे जावे?

जानेवारी आणि फेब्रुवारी हे सर्वांत सुखाचे महिने. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मान्सूनचा पाऊस असतो, एप्रिल-मे टाळावा. महाराष्ट्रात पाऊस संपला की तिकडे सुरू होतो, हे दिवाळीची सुट्टी आखताना लक्षात ठेवावे. जवळचा विमानतळ तिरुचिरापल्ली, सुमारे ५५ ते ६० किलोमीटरवर. चेन्नईहून रात्रीच्या रेल्वेने निघाल्यास पहाटे तंजावरला उतरता येते. तमिळ आणि इंग्रजीत व्यवहार होतात, हिंदीवर फार विसंबू नये.

पहिल्या दिवशी सकाळी सहाला मंदिर, दहा ते एक राजवाडा आणि ग्रंथालय, दुपारी विश्रांती, चारनंतर श्वार्ट्झ चर्च आणि दिवेलागणीला पुन्हा मंदिर, असा क्रम सोयीचा ठरतो. ग्रंथालय व कलादालनाचे सुट्टीचे दिवस आधी तपासावेत. संध्याकाळी उन्हाने तापलेला दगड निवतो आणि गावातली माणसे मुलाबाळांसह आवारात येऊन बसतात. प्रदोषाच्या दिवशी मोठ्या नंदीला अभिषेक होतो, तेव्हा गर्दी खूप असते. सोबत ज्येष्ठ नागरिक असतील, तर तो दिवस टाळावा आणि जाड मोजे बरोबर ठेवावेत.